साठीनंतरची एअर पिस्टल : शेवटच्या वीस शॉट्सना स्कोअर का कोसळतो?

स्थिरहात

नमस्कार मंडळी. १० मीटर एअर पिस्टलबद्दल विचारायचं आहे. साठ ते सत्तर वयाच्या काही नेमबाजांचा सराव बघण्याचं काम माझ्याकडे आहे. सगळे जुने, मुरलेले, तंत्र अंगात बसलेलं. तरी साठ शॉट्सच्या सामन्यात बहुतेकांच्या दहा-दहा शॉट्सच्या सिरीज साधारण अशा पडतात: ९३, ९२, ९३, ९१, ८७, ८६. चाळीस शॉट्सपर्यंत सगळं जागेवर, आणि पुढच्या वीसमध्ये दहा-बारा गुण गळतात.

सगळ्यांची तक्रार एकच, "खांदा भरून येतो." म्हणून तीन किलोचं डंबेल समोर हात ताठ करून धरण्याचा व्यायाम चालू केला. स्कोअरमध्ये फरक नाही आणि एकाला हात वर नेताना कळ येऊ लागली आहे.

हे दमणं खरंच खांद्याचं आहे की आणखी कशाचं, ते ओळखायचं कसं? या वयात दम वाढवायला नेमकं काय करावं? आणि पिस्तुलाचं वजन कमी करून उपयोग होतो का?

आठ_मिलिमीटर

व्यायामाचा विचार नंतर. दमतंय काय, ते आधी शोधा. खांदा भरून आला की लगेच कळतं, म्हणून सगळं त्याच्यावर ढकललं जातं. डोळा दमलेला मात्र स्वतःला सहसा कळत नाही.

थोडं गणित मांडतो. टेनच्या, म्हणजे दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिमी आणि पेलेट (छर्रा) ४.५ मिमीची. रेषेला नुसती शिवली तरी वरचा गुण मिळतो, त्यामुळे पेलेटचा मध्य केंद्रापासून ८ मिमीच्या आत असला की टेन. तिथून पुढे दर ८ मिमीला एक गुण जातो. आता दोन्ही साइट्स, म्हणजे नळीच्या टोकावरची फ्रंट साइट आणि मागची खाच असलेली रिअर साइट, एकमेकींशी नीट जुळलेल्या असताना अख्खा हात समांतर ५ मिमी सरकला, तर शॉटही ५ मिमीच सरकेल. टेन शाबूत. पण दोन्ही साइट्समधलं अंतर साधारण ३२ सेंमी धरलं, तर फ्रंट साइट खाचेमध्ये जेमतेम पाव मिलिमीटर बाजूला गेली की टार्गेटवर ८ मिमीची चूक होते. म्हणून हाताच्या हलण्यापेक्षा साइट्सची ही जुळणी (अलाइनमेंट) धूसर दिसणं जास्त महागात पडतं. वय झालेल्या नेमबाजाच्या बाबतीत मी पहिला संशय नेहमी इथे घेतो.

ओळखायची पद्धत अशी. पूर्ण ६० शॉट्स वेळ लावून मारून घ्या. संपल्या संपल्या, विश्रांती न देता, नेमबाजाला खुर्चीवर बसवा, हाताखाली वाळूची पिशवी द्या आणि आणखी १० शॉट्स मारायला सांगा. टेकू मनगटाच्या मागे, पिस्तुलाला नाही. ग्रुप (टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका) घट्ट आला तर डोळा आणि ट्रिगर शाबूत आहेत, दम खांद्यात, पाठीत किंवा पायात संपतोय. टेकू असूनही ग्रुप विस्कटला तर डोळा किंवा ट्रिगरचं बोट. हे दोन वेगळे करायला कागदी टार्गेट उलटं लावून कोऱ्या पांढऱ्यावर १० मारा. काळा गोल समोर नसताना ग्रुप आवळला, तर डोळा फ्रंट साइट सोडून टार्गेटकडे धावत होता असं समजा.

टार्गेटही वाचा. पहिले ४० आणि शेवटचे २० वेगवेगळे मांडा, एकत्र बघू नका. ग्रुप उभा ताणला असेल तर खांदा किंवा श्वास. आकार तेवढाच पण सगळा ग्रुप खाली उतरला असेल तर मनगट सैल पडतंय. ग्रुप आडवा पसरला तर उभं राहण्याची ठेवण किंवा खाचेत फ्रंट साइटच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्या फटी नीट न दिसणं. आणि बाकी सगळं घट्ट असून सिरीजमध्ये एक-दोन सात किंवा सहा असतील, तर ते हमखास जास्त वेळ धरून मारलेले शॉट्स. हा शेवटचा प्रकार अनुभवी लोकांत फार दिसतो, कारण वीस वर्षांपूर्वी जो होल्ड (नेम धरून ठेवणं) बारा सेकंद टिकायचा तो अजूनही टिकेल असा शरीराला भरवसा असतो.

पाऊण_नंबर

डोळ्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण ज्येष्ठांचे सर्वांत जास्त गुण इथेच अडकलेले असतात.

पिस्तूल धरून उभं राहिल्यावर डोळ्यापासून फ्रंट साइट साधारण ९० सेंमी ते १ मीटरवर असते. चाळिशीनंतर बुबुळामागची भिंग जवळच्या वस्तूवर जुळवून घेईनाशी होते आणि साठीपर्यंत ती क्षमता जवळजवळ संपते. मग लांबच्या नंबरात काळा गोल स्वच्छ आणि साइट धूसर. वाचायच्या चष्म्यात फोकस ४० ते ५० सेंमीवर येतो, म्हणजे साइटच्या बराच अलीकडे. प्रोग्रेसिव्ह काच (एकाच काचेत लांबपासून जवळपर्यंतचे नंबर असलेली) तर या कामासाठी नकोच. योग्य पट्टा शोधायला हनुवटी वर करावी लागते, मान आखडते आणि प्रत्येक शॉटला डोक्याची जागा बदलते.

नेमबाजीसाठी वेगळी, एकाच नंबरची काच करून घ्या. लांबच्या नंबरात अधिक ०.७५ इथून सुरुवात करा. कुणाला ०.५० पुरतो, कुणाला १.०० लागतो. पाव-पाव नंबरच्या चाचणी काचा लावून, प्रत्यक्ष रेंजच्या उजेडात, पिस्तूल धरून ठरवा. दवाखान्याच्या खुर्चीत बसून हा नंबर ठरत नाही. फ्रंट साइटची वरची कड आणि दोन्ही बाजू कोरल्यासारख्या दिसायला हव्यात, आणि काळा गोल धूसर पण गोलच दिसायला हवा. पूर्ण १.०० दिला की साइट उत्तम दिसते, पण कित्येकांना गोलाचा आकारच हरवल्यासारखा वाटतो आणि मग ते अस्वस्थ होऊन धरून ठेवतात.

काच नजरेच्या रेषेला काटकोनात हवी आणि नजर तिच्या मध्यातून जायला हवी. पिस्तूल धरताना डोकं थोडं वळलेलं असतं, त्यामुळे नेहमीच्या फ्रेममधून आपण काचेच्या कडेने बघत असतो. नेमबाजीच्या फ्रेममध्ये काच फिरवता येते, तिचा खरा फायदा हाच.

दुसरा डोळा मिटू नका. मिटलेल्या पापणीचा ताण नेम धरणाऱ्या डोळ्यालाही जाणवतो. समोर ३० मिमीपेक्षा रुंद नसलेली पट्टी लावा, आणि ती काळी नको, दुधी पांढरी हवी. काळ्या पट्टीमागे त्या डोळ्याला अंधार मिळतो, तिथली बाहुली मोठी होते आणि तिच्याबरोबर दुसरीही.

आयरिसबद्दल, म्हणजे काचेपुढे लावायच्या, छिद्र लहान-मोठं करता येणाऱ्या झाकणाबद्दल. छिद्र लहान केलं की साइट आणि गोल दोन्ही स्पष्ट होतात हे खरं. पण वयाबरोबर बाहुली आपोआप लहान राहते आणि डोळ्यात आधीच कमी उजेड जातो. मंद उजेडाच्या रेंजवर छिद्र फार आवळलं की शेवटच्या सिरीजपर्यंत सगळं करडं दिसू लागतं. आधी नंबर बरोबर करा, आयरिस नंतर, आणि तोही जेमतेम फरक जाणवेल इतकाच बंद करा.

एक फुकटची सुधारणा बहुतेक जण विसरतात: रिअर साइटची खाच रुंद करा. बऱ्याच मॅच पिस्तुलांना त्यासाठी स्क्रू असतो. तरुण डोळ्याला अरुंद फटी चालतात. साठीच्या डोळ्याला त्या कडांच्या धूसरपणात बुजून जातात आणि डावी-उजवी फट सारखी आहे का, हे कळतच नाही. फटी ठसठशीत दिसेपर्यंत खाच उघडा. नेमही काळ्याला चिकटवून धरण्याऐवजी खाली पांढऱ्यात, गोल आणि साइट यांच्यामध्ये स्पष्ट अंतर ठेवून धरा. धूसर काळ्याची कड नेमकी कुठे आहे, हे शोधण्यात डोळा फार दमतो.

दिव्याभोवती कडी दिसणं, उजेड डोळ्यावर येणं असं काही असेल तर मोतीबिंदू तपासा. शस्त्रक्रिया करायची असेल तर नेम कोणत्या डोळ्याने धरता आणि साइट किती अंतरावर असते, हे डॉक्टरांना आधी सांगा. मल्टिफोकल भिंगाने काँट्रास्ट कमी होतो. नेम धरणाऱ्या डोळ्यासाठी एकाच फोकसचं भिंग बहुधा सोयीचं पडतं.

कातरवेळ_फिजिओ

ते तीन किलोचं डंबेल आजच बंद करा.

हात बाजूला वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांच्या टप्प्यात खांद्याचा सुप्रास्पायनेटस हा स्नायुबंध हाडाखाली सर्वांत जास्त दाबला जातो. नेमबाजाचा हात ९० अंशांच्या आसपास असतो, म्हणजे बरोबर त्याच टप्प्यात. पन्नाशीनंतर या स्नायुबंधाची झीज झालेली असतेच. त्यावर लांब हाताने तीन किलो टांगले की ताकद वाढण्याआधी सूज येते. ज्यांना कळ येते आहे त्यांनी धरण्याचा सराव थांबवून खांदा तपासून घ्यावा. रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल तर टाळाटाळ करू नका.

बाकीच्यांसाठी काम तीन ठिकाणी आहे. पहिलं, खांद्याचे आतले छोटे स्नायू. रबरी पट्टा दाराला बांधा, कोपर कमरेला चिकटवून ९० अंशांत ठेवा, पंजा बाहेरच्या बाजूला ओढा आणि तीन सेकंदांत सावकाश परत आणा. १२ ते १५ वेळा, दोन-तीन फेऱ्या, दोन्ही हातांनी. त्याच पट्ट्याने छातीकडे ओढण्याचा व्यायाम, खवाटे मागे जुळवून. आठवड्यातून तीनदा, मध्ये किमान ४८ तास सोडून. या वयात स्नायुबंध सावकाश भरून येतात, रोज केलं तर नुकसान होतं.

दुसरं, धरण्याचा दम. तो स्वतःच्या पिस्तुलानेच, रिकामं असल्याची खात्री करून, कोऱ्या भिंतीसमोर. १५ सेकंद धरा, ४५ सेकंद विश्रांती, असं दहा वेळा. दर दोन आठवड्यांनी धरण्याची वेळ ५ सेकंदांनी वाढवा आणि ३० वर थांबा. सामन्यात एक शॉट सहा-आठ सेकंदांचा असतो, तीसच्या पुढे जाऊन काही मिळत नाही. धरताना खांदा कानाकडे चढतोय का ते बाजूने बघा. चढला की मानेचा स्नायू वजन घेतोय, आणि तो लवकर थकतो. तिथेच तो होल्ड सोडायचा.

तिसरं, पाय आणि तोल, ज्याकडे कुणी बघत नाही. सव्वा तास एका जागी उभं राहायचं आहे. वयाबरोबर तळव्याची आणि घोट्याची जाण बोथट होते, शरीर जास्त डोलतं आणि ते डोलणं टार्गेटवर आडवं दिसतं. एका पायावर ३० सेकंद, जवळ आधाराला भिंत ठेवून, दोन्ही पायांवर तीन-तीन वेळा. जमलं की तेच फोमच्या गादीवर. जोडीला रोज अर्धा तास भरभर चालणं. बूट सपाट आणि घोट्याच्या खाली संपणारे. घोटा झाकणारे बूट पिस्टलमध्ये नियमातही बसत नाहीत.

पिस्तूल हलकं करण्याबद्दल: पुढची जोडवजनं काढून बघा, पण एकदम सगळी नको. नळीच्या टोकाकडचं वजन खांद्याला सर्वांत जड पडतं, कारण ते सर्वांत लांब असतं.

आठ_मिलिमीटर

वजनाबाबत माझं थोडं वेगळं मत आहे. पुढचं वजन पूर्ण काढलं की पिस्तूल हाताची प्रत्येक बारीक थरथर दाखवतं आणि ट्रिगरची चूकही जास्त उमटते. वयाबरोबर बारीक थरथर वाढलेली असेल तर हे उलटं पडतं. नियमाने १५०० ग्रॅमपर्यंत मुभा आहे, तरी बरीचशी मॅच पिस्तुलं एका किलोच्या आसपासच असतात. त्यात ३०-४० ग्रॅम इकडेतिकडे करून एक पूर्ण सामना मारा आणि फक्त शेवटच्या वीसचा ग्रुप बघा. पहिल्या सिरीजला हलकं पिस्तूल सगळ्यांनाच छान वाटतं.

याउलट एका गोष्टीत कष्ट नक्की वाचवता येतात. कुणी हाताने दाबून हवा भरायचं पिस्तूल वापरत असेल तर ते बदला. साठ शॉट्स अधिक साइटर (गुणांत न धरले जाणारे सुरुवातीचे चाचणी शॉट्स), प्रत्येक वेळी तो दांडा दाबायचा, आणि लगेच त्याच हातांनी स्थिर धरायचं. सिलिंडरचं पिस्तूल घेतलं की हे सगळे कष्ट वाचतात.

कातरवेळ_फिजिओ

थरथर स्पष्ट असेल तर मान्य. ज्यांचा होल्ड शांत आहे पण खांदा लवकर भरतो, त्यांनी वजन उतरवून बघावं. दोन वेगळी माणसं, दोन वेगळी उत्तरं.

गोळी_आणि_औषध

एक गोष्ट कुणी लिहिली नाही आणि ती गंभीर आहे. या वयात निम्मी मंडळी रक्तदाबाच्या गोळीवर असतात. बीटा ब्लॉकर, म्हणजे अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल वगैरे, नेमबाजीत सामन्यात आणि सामन्याबाहेरही प्रतिबंधित आहेत, कारण त्यांनी नाडी मंदावते आणि थरथर कमी होते. काचबिंदूसाठी दिले जाणारे टिमोलॉलचे थेंबही याच गटातले. डोळ्यात घालायचे म्हणून ते सुटत नाहीत. डॉर्झोलामाइड आणि ब्रिन्झोलामाइडच्या थेंबांना मात्र मुभा आहे.

लघवी वाढवणारी औषधं सगळ्याच खेळांत बंद आहेत. इथे फसगत होते ती जोडगोळ्यांमुळे. नुसतं टेल्मिसार्टन किंवा अम्लोडिपिन चालतं, पण टेल्मिसार्टनबरोबर हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा अम्लोडिपिनबरोबर अटेनोलॉल असलेली गोळी चालत नाही. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा.

पण ही औषधं स्वतःच्या मनाने बंद करायची नाहीत. बीटा ब्लॉकर एकदम सोडलं तर रक्तदाब आणि नाडी उसळतात आणि हृदयाला धोका होतो. डॉक्टरांना खेळ सांगा आणि पर्याय मागा. पर्याय नसेल तर औषध चालू ठेवा आणि डोपिंग चाचणी होणाऱ्या स्पर्धांपासून दूर राहा.

नवीनच वाढलेल्या थरथरीमागेही कधी औषध असतं. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामोल, थायरॉइडच्या गोळीचा जास्त झालेला डोस, किंवा साधी जास्तीची कॉफी. हात पुढे धरल्यावर वाढणारी थरथर आणि हात मांडीवर निवांत असताना येणारी थरथर यांची कारणं वेगळी असतात. दुसरी दिसली तर न्यूरोलॉजिस्टना दाखवा.

स्थिरहात

सगळ्यांचे मनापासून आभार. डंबेल बंद केलं, कळ येणाऱ्याला तपासणीला पाठवलं. वाळूच्या पिशवीची चाचणी सगळ्यांची घेतली. दोघांचा ग्रुप टेकूवर घट्ट आला, म्हणजे तिथे खांदाच. बाकीच्यांचा टेकूवरही आडवा पसरला आणि ती सगळी मंडळी प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून मारतात! काचा करायला घेतो. खांद्याच्या दोघांना व्यायामाचा परिणाम दिसेपर्यंत सामन्यात काय करता येईल? ७५ मिनिटं कशी वापरायची?

आठ_मिलिमीटर

त्यांचे पट्ट्याचे व्यायाम चालू होऊ देत. सामन्यात मात्र पिस्तूल उचलण्यांची संख्या मोजा. साठ शॉट्सचा सामना म्हणजे साठ उचलणी नव्हेत. तयारीच्या १५ मिनिटांतले साइटर आणि सोडून दिलेले होल्ड धरून आकडा सहज शंभराच्या पुढे जातो. बरेच जुने नेमबाज २५-३० साइटर मारतात. ८ ते १२ पुरतात: साइट तपासायला पाच, लय पकडायला बाकीचे.

एका शॉटला सरासरी ५० सेकंद धरले तर साठ शॉट्स ५० मिनिटांत होतात. उरली २५. त्यातून २५व्या आणि ४५व्या शॉटनंतर पाच-पाच मिनिटांची विश्रांती घ्या, म्हणजे ग्रुप पडायला लागण्याआधी. पडल्यावर घेतलेली विश्रांती उशिराची. खुर्चीवर बसा, हात लोंबकळू द्या, दोन-चार घोट पाणी प्या. वय झालं की तहान उशिरा लागते, म्हणून तहानेची वाट बघू नका. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी उठल्यावर मिनिटभर नुसतं उभं राहावं, मग पिस्तुलाला हात लावावा. पुन्हा सुरू करताना दोन ड्राय फायर (पेलेट न घालता नुसता ट्रिगर दाबणं), हवा न सुटणाऱ्या मोडमध्ये.

उरलेली १५ मिनिटं सोडून दिलेल्या होल्डसाठी. साइट गोलाखाली स्थिरावल्यापासून आठ सेकंदांत शॉट सुटला नाही तर हात खाली. मनात मोजायचं नाही, मागे उभ्या माणसाने सरावात घड्याळ लावून सवय लावायची. सरावात आठव्या सेकंदाला तुम्ही "खाली" म्हणा आणि नेमबाजाने काहीही झालं तरी खाली आणायचं, अगदी ट्रिगरचा दुसरा टप्पा अर्धा दाबलेला असला तरी. सुरुवातीला चिडतात सगळे.

उचलण्याची पद्धतही बघा. हात डोक्याच्या वर नेऊन खाली आणायची सवय असेल तर ती सोडायला सांगा. काळ्याच्या जरा वर जाऊन सावकाश खाली स्थिरावलं की झालं, वरचा सगळा प्रवास खांद्याच्या खर्चाने होतो. दोन शॉट्सच्या मध्ये पिस्तूल हवेत तोलून धरू नका, टेबलावर टेकवा. दर पाच शॉट्सनंतर ग्रिप पूर्ण सोडून बोटं मोकळी करा, मात्र पुन्हा पकडताना अंगठा आणि तर्जनीमधला खाचा त्याच उंचीला बसला आहे का, हे दर वेळी बघा. शेवटच्या वीसमध्ये ग्रुप खाली सरकण्याचं कारण पुष्कळदा हेच असतं, हात घामेजून ग्रिपवरून दोन मिलिमीटर खाली घसरलेला असतो.

वयाने मर्यादा येतात पण दार बंद होत नाही, हे त्यांना सांगा. स्वीडनच्या राग्नार स्कानोकरने १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ५० मीटर पिस्टलचं ब्राँझ वयाच्या ५८व्या वर्षी घेतलं. जॉर्जियाची निनो सालुकवाद्झे १९८८ ते २०२४ अशी सलग दहा ऑलिंपिक खेळली.

पाऊण_नंबर

काचा करायला देण्याआधी प्रत्येकाचं डोळ्यापासून फ्रंट साइटपर्यंतचं अंतर मोजून घ्या. पिस्तूल रिकामं, नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याचं दाखवणारी रंगीत दोरी), नेमबाज नेहमीच्या पवित्र्यात, आणि टेप दुसऱ्याने बाजूने धरायची. तो आकडा आणि लांबचा नंबर दोन्ही लिहून द्या. काच फक्त नेम धरणाऱ्या डोळ्यासाठी हवी. ती आली की शॉट्सची जागा थोडी बदललेली दिसेल. लगेच साइटचे क्लिक (जागा बदलायचे स्क्रू) फिरवू नका, दोन-तीन सराव होऊ द्या, डोकं नव्या जागी बसलं की मग साइट शून्यावर आणा. आणि त्या दिवसांत ग्रिप, वजन, खाच यांपैकी कशालाही हात लावू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.